आपोआप होणारा बॅकअप खरंच होतोय का? घरच्या कॉम्प्युटरसाठी तपासणी आणि दुरुस्ती

बॅकअप एकदा लावून दिला की माणूस निर्धास्त होतो, आणि मेख तिथेच आहे. इंटरनेट गेलं तर मिनिटभरात कळतं. प्रिंटर अडला तर घरभर कळतं. बॅकअप मात्र बंद पडला तरी कॉम्प्युटर मजेत चालत राहतो, कुणाचं काही अडत नाही. तो तीन महिन्यांपूर्वीच थांबला होता हे समजतं डिस्क गेल्यावर. भरवशाच्या म्हशीला टोणगा होण्याचा अनुभव घरच्या कॉम्प्युटरवर सर्वांत जास्त कुठे येत असेल, तर तो इथे.

आपण नवखे म्हणून आपल्याकडेच असं होतं, असं वाटून घेऊ नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका इंजिनियरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. सुमारे ३०० जीबी डेटा. मग शोधाशोध सुरू झाली आणि लक्षात आलं, की रोजचा ठरलेला बॅकअप होतच नव्हता. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून तो दरवेळी चुपचाप फसत होता. फसल्याची सूचना देणारी ईमेलसुद्धा मेल सर्व्हर नाकारत होता, त्यामुळे ती कुणापर्यंत पोचतच नव्हती. वाचवलं ते सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी एकाने हाताने घेतलेल्या कॉपीने. हे सगळं कंपनीने स्वतःच जाहीर केलं आहे. ज्यांचं पोटच डेटावर चालतं त्यांची ही गत.

म्हणून या लेखात एकच आग्रह आहे: बॅकअप झाला का, हे बॅकअपच्या प्रोग्रामला विचारू नका, डिस्कला विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: काहीही दुरुस्त करण्याआधी हाताने एक कॉपी

बॅकअप बिघडलाय असा संशय आला, की पहिला मोह होतो सेटिंग उघडण्याचा. थांबा. आत्ता या क्षणी तुमच्याकडे कदाचित एकही चालू कॉपी नाही, आणि सेटिंगमध्ये खुडबुड करताना जुना बॅकअपही हातचा जाऊ शकतो. एक बाहेरची हार्ड डिस्क जोडा, तिच्यावर आजच्या तारखेचं फोल्डर करा आणि महत्त्वाची फोल्डरं साधं कॉपी-पेस्ट करून त्यात टाका. ओबडधोबड आहे, पण चालतं. जुना बॅकअप ज्या डिस्कवर आहे तिथे जागा असेल तरी शक्यतो दुसरी डिस्क घ्या. पेन ड्राइव्ह आजच्या दिवसापुरता चालेल, कायमचा नाही.

वेळेचा अंदाज ठेवा. साध्या हार्ड डिस्कवर यूएसबी ३ ने सेकंदाला साधारण १०० एमबीचा वेग मिळतो, म्हणजे ५०० जीबीला दीड तास. जुन्या यूएसबी २ च्या खाचेत जोडली, तर तेवढ्यालाच चार तासांच्या आसपास. हजारो बारीक फाइली असतील तर त्याहून जास्त. आणि अख्खा संग्रह पहिल्याच वेळी दोन मिनिटांत ‘कॉपी’ झाला, तर आनंद मानू नका. काहीतरी राहिलंय.

पायरी २: आपला माल नक्की कुठे आहे?

बॅकअप नीट चालूनही फाइल मिळत नाही, याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे ती फाइल मुळात यादीतच नव्हती. विंडोजमध्येच असलेली बॅकअपची सोय, फाइल हिस्टरी, लायब्ररीज (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांचे विंडोजने केलेले गट) आणि डेस्कटॉप अशा ठरावीक जागा घेते. तुम्ही डी ड्राइव्हवर ‘फोटो जुने’ नावाचं फोल्डर केलं असेल, तर ते लायब्ररीत घातल्याशिवाय तिच्या खिजगणतीतही नसतं.

एक कागद घ्या आणि लिहा: फोटो कुठे आहेत, कागदपत्रं कुठे, स्कॅन केलेले दाखले कुठे, हिशेबाच्या फाइली कुठे. प्रत्येकापुढे पूर्ण पत्ता लिहा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की ‘लोकेशन’ दिसतं, तोच. ‘डॉक्युमेंट्समध्ये आहे’ एवढं पुरेसं नाही.

का, ते सांगतो. वनड्राइव्हने (फाइली क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) ‘तुमची फोल्डरं सुरक्षित ठेवू का’ असं विचारलं आणि कुणीतरी हो म्हटलं, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या फोल्डरच्या पोटात हलतात. पडद्यावर सगळं पूर्वीसारखंच दिसतं, पण पत्ता बदललेला असतो. तुमचा बॅकअपचा प्रोग्राम इमानाने जुन्या पत्त्यावर जातो, तिथलं रिकामं फोल्डर कॉपी करतो आणि ‘यशस्वी’ असा शेरा मारतो. त्याच्या परीने तो खोटं बोलत नाही. सांगितलेलं फोल्डर त्याने घेतलं. ते रिकामं होतं, एवढंच.

वनड्राइव्हचीच आणखी एक खोच. जागा वाचवण्यासाठी काही फाइली फक्त क्लाउडवर असतात, कॉम्प्युटरवर नुसतं नाव दिसतं, आणि अशा फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असतं. बऱ्याच बॅकअप प्रोग्रामांना त्या फाइलीचा मजकूर मिळतच नाही. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडलं, की फाइली खऱ्या अर्थाने कॉम्प्युटरवर येतात. मॅकवर आयक्लाउडने जागा वाचवण्याचं सेटिंग चालू असेल, तर तिथेही हीच तपासणी करावी.

कागदावर आणखी दोन ओळी: ब्राउझरमधले बुकमार्क्स आणि साठवलेले पासवर्ड, आणि कॉम्प्युटरवरच ठेवलेली ईमेल. ही दोन्ही लपलेल्या फोल्डरांत असतात, म्हणून हटकून राहतात.

पायरी ३: साक्षीदार फाइल

आता खरी तपासणी. डॉक्युमेंट्समध्ये ‘साक्षीदार’ नावाची साधी नोटपॅड फाइल करा. आत आजची तारीख आणि एक ओळ लिहा. दुसरी तशीच फाइल फोटोंच्या फोल्डरमध्ये, तिसरी डी ड्राइव्हवर. थोडक्यात, कागदावरच्या प्रत्येक पत्त्यावर एकेक. मग दोन दिवस काही करू नका. कॉम्प्युटर रोजच्यासारखा वापरा. बॅकअप ‘आपोआप’ होतो ना? मग त्याला आपोआप होऊ द्या. ‘बॅकअप नाऊ’चं बटण दाबलंत तर ती परीक्षा बटणाची झाली.

दोन दिवसांनी बॅकअपचा प्रोग्राम न उघडता बाहेरची डिस्क उघडा आणि साक्षीदार शोधा.

फाइल हिस्टरी वापरत असाल तर हे सोपं आहे. डिस्कवर ‘फाइल हिस्टरी’ नावाचंच फोल्डर असतं, आत तुमच्या नावाचं, मग कॉम्प्युटरच्या नावाचं, मग ‘डेटा’. त्यात तुमची फोल्डरं जशीच्या तशी मांडलेली दिसतात, आणि प्रत्येक फाइलच्या नावाला कंसात तारीख-वेळ आणि शेवटी ‘यूटीसी’ अशी शेपटी जोडलेली असते. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत, भारताच्या साडेपाच तास मागे) असल्याने घड्याळाशी जुळली नाही तर घाबरू नका. तारीख पाहा. साक्षीदार तिथे असेल तर तो डबल क्लिकने सरळ उघडतो, वेगळा प्रोग्राम लागत नाही.

मॅकवर टाइम मशीनची (मॅकच्या स्वतःच्या बॅकअप प्रोग्रामची) डिस्क फाइंडरमध्ये उघडली की तारखांनुसार नोंदी दिसतात. सर्वांत अलीकडची उघडून फाइलीपर्यंत जा. टाइम मशीन गेल्या चोवीस तासांच्या तासातासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याआठवड्याच्या कॉपी ठेवतं आणि डिस्क भरली की सर्वांत जुन्या काढून टाकतं. म्हणजे अलीकडच्या नोंदी दाट आणि जुन्या विरळ दिसल्या, तर तो बिघाड नव्हे.

काही प्रोग्राम सगळं एकाच मोठ्या बंद फाइलीत ठेवतात. तिथे नुसत्या फाइलीची तारीख ताजी दिसून भागत नाही, कारण अर्धवट लिहिलेल्या फाइलीचीही तारीख ताजीच असते. त्याच प्रोग्रामने ती फाइल उघडून आत साक्षीदार आहे का, पाहावं लागतं. नवख्या माणसाने निवड करायची असेल, तर फाइली उघड्या फोल्डरांत ठेवणारा प्रोग्राम घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. दहा सोयी कमी असल्या तरी चालेल. डोळ्यांनी पाहता येतं, ही सोय मोठी आहे.

सगळे साक्षीदार मिळाले तर पायरी ६ कडे जा. एखादाच गायब असेल तर गडबड यादीत आहे: पायरी २. एकही नसेल तर पुढे वाचा.

पायरी ४: का थांबला?

कारणं शेकडो असू शकतात, पण घरच्या कॉम्प्युटरवर बहुधा पाच-सहाच भेटतात. मी ज्या क्रमाने पाहतो त्याच क्रमाने देतो.

डिस्क जोडलेलीच नव्हती. हसू नका, सर्वांत जास्त वेळा हेच निघतं. लॅपटॉप जागेवरून उचलला, डिस्क काढली, परत जोडायची राहिली. फाइल हिस्टरी अशा वेळी काही कॉपी कॉम्प्युटरच्याच डिस्कवर तात्पुरत्या धरून ठेवते, त्यामुळे जुन्या आवृत्त्या दिसत राहतात आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. पण कॉम्प्युटरची डिस्क गेली की त्याही जातात.

कॉम्प्युटर झोपलेला होता. रात्री दोनची वेळ लावलेली, आणि रात्री अकराला झाकण बंद. याचा उपाय पायरी ५ मध्ये.

डिस्कचं अक्षर बदललं. विंडोज बाहेरच्या डिस्कला ई, एफ, जी असं अक्षर देतं. एके दिवशी आधी पेन ड्राइव्ह लावला, त्याने ई पटकावलं आणि तुमची डिस्क एफ झाली. बॅकअपचं काम ई शोधत बसतं. नशीब वाईट असेल तर पेन ड्राइव्हवरच बॅकअप घेऊ लागतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बॅकअपच्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका, म्हणजे भांडण नको.

डिस्क भरली. काही प्रोग्राम जुन्या कॉपी काढून जागा करतात, काही नुसते थांबतात. फाइल हिस्टरीत जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवायच्या याचं मूळ सेटिंग ‘फॉरएव्हर’ असतं, म्हणजे आज ना उद्या डिस्क भरणारच. ते एक वर्ष किंवा ‘जागा लागेपर्यंत’ असं करा. नवी डिस्क घेताना कॉम्प्युटरच्या डिस्कच्या निदान दुप्पट घ्या.

एखादी फाइल घशात अडकली. बॅकअप रोज सुरू होतो, एका ठरावीक जागी येतो आणि मरतो. ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ आणि फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क ही जोडी यासाठी बदनाम आहे, कारण त्या पद्धतीत एवढी मोठी फाइल मावतच नाही. उपाय म्हणजे डिस्क रिकामी करून विंडोजसाठी एनटीएफएसने फॉरमॅट करणं. दुसरा गुन्हेगार म्हणजे लांबलचक पत्ता. फोल्डरात फोल्डर करत गेलं आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांपुढे गेला, की विंडोजवरचे कित्येक प्रोग्राम अडखळतात. नावं छोटी करा.

पासवर्ड बदलला. बॅकअप नेटवर्कवरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर जात असेल आणि तुम्ही पासवर्ड बदलला असेल, तर प्रोग्रामकडे जुनाच असतो. तो दार ठोठावतो, नकार मिळतो, परत येतो. रोज.

आणि शेवटी, डिस्कच मरायला टेकलेली असते. कॉपी करताना वेग मध्येच शून्यावर येणं, डिस्क अचानक गायब होऊन पुन्हा दिसणं, टकटक आवाज येणं ही लक्षणं. आधी केबल बदलून पाहा, पुष्कळदा दोष तिचाच असतो. मग डिस्कची तब्येत पाहा: विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम डिस्कच्या आतल्या नोंदी वाचून दाखवतो. त्यात ‘रीॲलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे (डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयास्पद कप्प्यांचे) आकडे वाढत असतील तर त्या डिस्कशी वाद घालू नका. बदला.

पायरी ५: वेळापत्रक माणसासारखं लावा

पहाटेच्या वेळा सर्व्हरसाठी असतात. सर्व्हर चोवीस तास जागे असतात, आपले लॅपटॉप नसतात. घरच्या कॉम्प्युटरसाठी तुम्ही हमखास त्याच्यासमोर बसलेले असता ती वेळ निवडा. बॅकअपमुळे कॉम्प्युटर थोडा मंदावेल, मंदावू द्या. पहिला बॅकअप मोठा असतो, नंतर बदललेल्याच फाइली जातात.

विंडोजवर बरेच फुकट बॅकअप प्रोग्राम स्वतःचं घड्याळ ठेवत नाहीत, विंडोजच्या टास्क शेड्युलरवर विसंबतात. तो उघडा, आपलं काम शोधा, प्रॉपर्टीजमध्ये जा. ‘कंडिशन्स’ या भागात ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर’ या ओळीवर मुळातच खूण असते. म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर असेल तर बॅकअप सुरूच होत नाही, आणि का नाही हे कुणी सांगत नाही. खूण काढा. मग ‘सेटिंग्ज’ या भागात ‘रन टास्क ॲज सून ॲज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड’ ही ओळ शोधा. हिच्यावर मुळात खूण नसते. ती करा. हुकलेला बॅकअप कॉम्प्युटर उघडल्यावर लगेच व्हावा, ही साधी अपेक्षा या एका चौकोनात दडलेली आहे. या दोन चौकोनांनी बरे होणारे बॅकअप पुष्कळ आहेत.

त्याच खिडकीत ‘लास्ट रन रिझल्ट’ नावाचा रकाना दिसतो. झिरो एक्स झिरो (0x0) म्हणजे काम बिनचूक संपलं. दुसरा आकडा दिसला तर बहुतेक वेळा काहीतरी फसलं आहे. अपवाद एक: काम विंडोजच्या रोबोकॉपीने (फाइली कॉपी करणाऱ्या विंडोजच्या कमांडने) चालत असेल तर झिरो एक्स वन (0x1) म्हणजे ‘काही फाइली कॉपी केल्या, सगळं ठीक’. रोबोकॉपीत ८ च्या खालचे आकडे यशाचे आणि ८ पासून पुढचे अपयशाचे. हे माहीत नसलेली माणसं चालू बॅकअप दुरुस्त करायला घेतात आणि मोडतात.

मॅकच्या लॅपटॉपवर टाइम मशीनच्या पर्यायांत बॅटरीवर असताना बॅकअप घेण्याची खूण आहे का, पाहा. लिनक्सवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) लावलेलं काम त्या वेळी कॉम्प्युटर बंद असेल तर सरळ बुडतं. ॲनाक्रॉन हा त्याचा जोडीदार प्रोग्राम ते नंतर भरून काढतो. आणि लिनक्सवाल्यांनी टाइमशिफ्ट या प्रोग्रामवर विसंबून राहू नये, कारण तो मुळात सिस्टिमच्या फाइलींसाठी आहे, तुमचं होम फोल्डर सांगितल्याशिवाय घेत नाही.

पायरी ६: सिंकला बॅकअप समजू नका

‘माझं सगळं क्लाउडवर आहे’ असं सांगणाऱ्यांना मी एकच विचारतो: कॉम्प्युटरवरची फाइल पुसली तर क्लाउडवर राहते का? सिंकमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली सतत एकसारख्या ठेवणाऱ्या पद्धतीत, नाही राहत. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, इथे बिघडलं की बिघडलेलीच फाइल तिकडे जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये आणि घरगुती वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस राहते. तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. मुलांचे पाच वर्षांपूर्वीचे फोटो गेलेत हे ३० दिवसांत कुणाच्या लक्षात येतं?

हाच धोका ‘मिरर’ पद्धतीच्या बॅकअपमध्ये असतो. मिरर म्हणजे मूळ फोल्डरात नसेल ते कॉपीतूनही काढून टाकणं. चुकून मूळ फोल्डर रिकामं झालं, तर रात्री आपोआप बॅकअपही रिकामा. फ्रीफाइलसिंकसारखा प्रोग्राम वापरत असाल, तर पुसलेल्या फाइलींसाठी ‘व्हर्जनिंग’ निवडा. मग त्या वेगळ्या फोल्डरात जाऊन पडतात.

क्लाउड टाकाऊ आहे असं नाही. घरात चोरी झाली, पाणी शिरलं, तर घराबाहेरची तीच एक कॉपी असते. फुकट जागा मात्र लवकर भरते: गूगलवर १५ जीबी, वनड्राइव्ह आणि आयक्लाउडवर ५. भरली की नवीन काही वर जात नाही, आणि त्याची सूचना त्याच ईमेलवर येते जो आपण उघडत नाही.

पायरी ७: परत आणून पाहा

या पायरीला बहुतेक जण टांग देतात. फाइल डिस्कवर दिसली म्हणजे ती उघडेलच असं नाही.

डेस्कटॉपवर ‘परत’ नावाचं रिकामं फोल्डर करा. बॅकअपमधून पाच-सहा फाइली त्यात आणा: एक जुना फोटो, एक नवा, एक मोठा व्हिडिओ, एक एक्सेल, एक पीडीएफ आणि मराठी नाव असलेली एखादी फाइल. नेहमी वेगळ्याच फोल्डरात आणा, मूळ फाइलीवर कधीही नाही. बॅकअपमधली फाइल खराब निघाली तर चांगली मूळ फाइल तिच्याखाली गाडली जाईल.

आता प्रत्येक फाइल उघडा. व्हिडिओ मध्यावर आणि शेवटाकडे ओढून पाहा, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला छान चालतो. फोटो मोठा करून पाहा, खालचा भाग करडा दिसला तर फाइल तुटलेली आहे. मराठी नावाच्या फाइलीत अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं आली, तर बहुधा मधल्या एखाद्या झिप करणाऱ्या जुन्या प्रोग्रामने घोळ घातलाय. तो बदला.

मग मोजदाद. मूळ फोटो फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या पाहा, बॅकअपमधल्या फोल्डरची पाहा. दहा-वीसचा फरक समजू शकतो. हजारांचा फरक म्हणजे पुन्हा पायरी २. फाइल हिस्टरीत एकाच फाइलीच्या अनेक आवृत्त्या असतात, म्हणून तिथे बॅकअपमधली संख्या मोठी दिसेल. ती लहान असेल तरच काळजी.

शक्य असेल तर एकदा ही डिस्क दुसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडून पाहा. ज्या दिवशी बॅकअपची खरी गरज लागेल, त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर नसणारच आहे. बॅकअपची डिस्क बिटलॉकरने (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) कुलूपबंद केली असेल आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की फक्त त्याच कॉम्प्युटरवर साठवली असेल, तर ही गोष्ट आजच कळलेली बरी. ती की कागदावर लिहा आणि घरात दुसरीकडे ठेवा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरांची आतली डिस्कही न सांगता कुलूपबंद झालेली असते, तेव्हा तिचीही की काढून ठेवा.

पायरी ८: दुसरी डिस्क, आणि ती न जोडलेली

कायम जोडलेली डिस्क आपोआप बॅकअपसाठी सोयीची, पण कॉम्प्युटरला जे होईल ते तिलाही होईल. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही सोडत नाही. विजेच्या झटक्याचंही तेच. म्हणून दोन डिस्क ठेवा: एक जोडलेली, एक कपाटात. महिन्यातून एकदा अदलाबदल.

तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा ३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल. तो रूढ केला पीटर क्रोग या छायाचित्रकाराने. घरच्यासाठी कॉम्प्युटर, डिस्क आणि घराबाहेर काहीतरी एवढं जमलं तरी भरपूर झालं. घराबाहेर म्हणजे क्लाउडच असं नाही, बहिणीच्या कपाटातली डिस्कही चालते.

कपाटातल्या डिस्कसाठी आत तबकडी फिरणारी साधी हार्ड डिस्क बरी. एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, वर्षानुवर्षं विजेविना पडून राहण्यासाठी बनलेली नसते. तीच असेल तर अधूनमधून जोडत जा.

महिन्याची उजळणी

कुठलाही सूचना देणारा प्रोग्राम लावला तरी एक अडचण उरते: ‘सूचना आली नाही’ याचा अर्थ ‘सगळं ठीक’ की ‘सूचनाच बंद पडली’? प्रोग्रामला यशाचीही सूचना पाठवता येत असेल तर ती चालू करा. मग शांतता हीच धोक्याची खूण होते. तरीही मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये महिन्याच्या एका ठरावीक तारखेला आठवण लावाच. काम दहा मिनिटांचं: साक्षीदार फाइलीत नवी तारीख लिहा, गेल्या महिन्याची तारीख लिहिलेला साक्षीदार डिस्कवर उघडून पाहा, जोडलेल्या आणि कपाटातल्या डिस्कची अदलाबदल करा. कॉम्प्युटरचा मोठा अपडेट झाला, नवीन डिस्क आली, पासवर्ड बदलला, किंवा घरातल्या कुणी ‘जरा साफसफाई केली’, तर महिन्याची वाट न पाहता.

वारंवार दुरुस्त करूनही एखादा प्रोग्राम दर महिन्याला नव्या कारणाने बंद पडत असेल, तर त्याच्याशी संसार करण्यात अर्थ नाही. दुसरा लावा, पण जुना लगेच काढू नका. नव्याचा साक्षीदार दोनदा मिळाल्यावर काढा. आणि तोवर दोघांची ठिकाणं वेगळ्या फोल्डरांत ठेवा, नाहीतर एक दुसऱ्याच्या फाइली फालतू समजून पुसतो.

खरंच डिस्क गेली तर

पहिल्यांदा बॅकअपची डिस्क हातात घेऊन थांबा. कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय अशी शंका असेल तर ती डिस्क त्याला लावायचीच नाही, स्वच्छ कॉम्प्युटर शोधायचा. बॅकअप एकच असेल तर आधी त्याची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि रीस्टोअर त्या कॉपीवरून करा. घाईत ‘धिस ड्राइव्ह नीड्स टू बी फॉरमॅटेड’ अशी खिडकी समोर आली तर ‘कॅन्सल’ दाबा. मॅकची डिस्क विंडोजला लावली तरी हाच प्रश्न येतो आणि डिस्क धडधाकट असते.

फाइल नुकतीच पुसली गेली असेल आणि बॅकअपमध्ये ती नसेल, तर त्या डिस्कवर काहीही लिहू नका: डाउनलोड नाही, नवा प्रोग्रामही नाही. रिकव्हरीचा प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर उतरवून चालवा.

फाइली परत आल्या की पुष्कळ जण तिथेच थांबतात. नव्या कॉम्प्युटरवर जुनं वेळापत्रक येत नाही, टास्क शेड्युलर कोरा असतो. त्याच दिवशी नवं काम लावा, साक्षीदार ठेवा, आणि जुनी बॅकअपची डिस्क निदान तीन-चार महिने न पुसता बाजूला ठेवा. काय राहिलं ते हळूहळूच लक्षात येतं.